वेधशाळेच्या गच्चीवरून खग्रास चंद्रग्रहण बघायचंय? मग जायच्या आधी एवढं वाचून जा

चंद्रग्रहण घरच्या गॅलरीतूनही दिसतं, त्याला गॉगल लागत नाही, तिकीट लागत नाही, तरी दर ग्रहणाला मी ओळखीच्या सगळ्यांच्या मागे लागते की जवळ कुठे खगोल मंडळाचा नाहीतर वेधशाळेचा कार्यक्रम असेल तर तिथे जा. कारण घरी काय होतं, माणूस बाहेर येतो, पाच मिनिटं वर बघतो, फोनवर एक फोटो काढतो, तो पांढऱ्या ठिपक्यासारखा येतो आणि मग आत जाऊन टीव्ही लावतो. गच्चीवर चाळीस-पन्नास माणसं असतात, कोणीतरी समजावून सांगणारं असतं, लहान पोरं प्रश्न विचारत असतात आणि त्या नादात आपण तीन-साडेतीन तास थांबतो. आणि थांबणं हीच यातली मुख्य गोष्ट आहे. मी गेली बरीच वर्षं अशा कार्यक्रमांना मदतनीस म्हणून उभी राहते, त्यामुळे लोक कुठे चुकतात हे आता पाठ झालंय, ते सगळं इथे लिहून ठेवते.

आधी तारीख. भारतातून नीट दिसलेलं शेवटचं खग्रास म्हणजे ७ सप्टेंबर २०२५ चं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचं, त्यात चंद्र ८२ मिनिटं पूर्ण सावलीत होता. त्यानंतर ३ मार्च २०२६ ला पण खग्रास होतं, पण महाराष्ट्रात चंद्र उगवेपर्यंत खग्रास भाग केव्हाच संपला होता, क्षितिजाला टेकलेला शेवटचा तुकडाच काय तो वाट्याला. आता आपल्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल असं पुढचं खग्रास ३१ डिसेंबर २०२८ ला, हो, थर्टी फर्स्टच्याच रात्री. आणि यावेळी पावसाळा नाही, ऐन थंडी आहे, आकाश स्वच्छ असायची शक्यता भरपूर, म्हणून हे ग्रहण वाया घालवू नका असं मला मनापासून वाटतं. त्याआधी ६ जुलै २०२८ च्या रात्री एक खंडग्रास आहे, ऐन पावसात, ढगांनी फट दिली तर सराव म्हणून बघून घ्या.

आता वेळा. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात आणि मी स्वतः फसलेय म्हणून जरा सविस्तर सांगते. १० डिसेंबर २०११, शनिवार होता. ग्रहण संध्याकाळी सव्वासहा ते पावणेदहा असं मी वाचलं होतं आणि मला वाटलं की यात कधीही गेलं तरी चालेल. कामं आवरली, स्वयंपाक केला, साडेआठला गच्चीवर पोचले तर लोक एकमेकांना टाळ्या देत होते. खग्रास भाग ७:३६ ला सुरू होऊन ८:२७ ला संपला होता. तीन मिनिटांनी हुकलं. चंद्राच्या एका कडेला झगझगीत पांढरी किनार आलेली आणि तो तांबडा रंग डोळ्यांदेखत पुसला जात होता. पुढचं चांगलं ग्रहण मिळेपर्यंत ती रुखरुख गेली नाही.

म्हणून ग्रहण किती ते किती एवढंच बघू नका, पंचांगात पाच वेळा दिलेल्या असतात त्या पाचही लिहून घ्या. स्पर्श म्हणजे पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या कडेला लागते ती वेळ. संमीलन म्हणजे चंद्र पूर्ण बुडतो, खग्रास सुरू होतं. मग मध्य. मग उन्मीलन, म्हणजे पहिली पांढरी कड बाहेर येते. आणि मोक्ष म्हणजे सावली पूर्ण सुटली. किती सुंदर शब्द आहेत बघा, संमीलन म्हणजे डोळा मिटणं आणि उन्मीलन म्हणजे उघडणं, गच्चीवर उभं राहून बघताना अगदी तसंच दिसतं. ३१ डिसेंबर २०२८ च्या या वेळा भारतीय वेळेप्रमाणे साधारण अशा आहेत: स्पर्श रात्री ८:३७, संमीलन ९:४६, मध्य १०:२२, उन्मीलन १०:५७ आणि मोक्ष १२:०६, म्हणजे सावली सुटेपर्यंत २०२९ साल लागलेलं असेल. यातल्या ९:४६ च्या आधीची पंधरा मिनिटं आणि १०:५७ च्या आसपासची पाच मिनिटं, ही दोन्ही कुठल्याही परिस्थितीत चुकवायची नाहीत. बाकी वेळात चहा प्या, पाय मोकळे करा, चालेल.

कुठे जायचं? पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, टिळक स्मारक मंदिराच्या आवारात त्यांची जागा आहे. मुंबईत वरळीचं नेहरू तारांगण आणि शेजारचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, खगोल मंडळ आहे जे वांगणीला रात्रभराचं आकाशदर्शन घेत आलंय. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमीची सार्वजनिक वेधशाळा आहे. याशिवाय जिल्ह्याच्या गावी, तालुक्याला, शाळा-कॉलेजातून छोटी छोटी मंडळं असतात, त्यांचं नाव कधी पेपरात येत नाही पण दुर्बीण असते आणि शिकवायची हौस असते. भूगोलाच्या नाहीतर फिजिक्सच्या सरांना विचारा, पत्ता लागतो. कोणत्या संस्थेचा कार्यक्रम नक्की कुठे आणि नोंदणी लागते का हे साधारण पंधरा दिवस आधी कळतं, आणि गच्चीवर माणसं मोजूनच सोडतात कारण जास्त लोक झाले की चालण्याने स्लॅब हलतो आणि दुर्बिणीतला चंद्र थरथरायला लागतो. त्यामुळे नोंदणी म्हटलं असेल तर नोंदणी करूनच जा, आयत्या वेळी सहा जण घेऊन उभं राहू नका.

शहराच्या उजेडाची काळजी करू नका. बाकी आकाशदर्शनाला अंधारं गाव लागतं, चंद्रग्रहणाला लागत नाही, पुण्यात भर डेक्कनवरूनही छान दिसतं. फक्त त्या दिशेला उंच बिल्डिंग किंवा हॅलोजन नको. २०२८ ला स्पर्शाच्या वेळी चंद्र पूर्वेच्या अंगाला साधारण ३५ अंश उंचीवर असेल, म्हणजे हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलात तर साडेतीन मुठी. मध्याला सहा मुठींच्या आसपास आणि मोक्षाला जवळजवळ डोक्यावर. हे सगळं आधी कळलं की काय न्यायचं तेही कळतं: चटई. खुर्चीत बसून डोक्यावरचा चंद्र तासभर बघितला की मान धरते, दुसऱ्या दिवशी सकाळी वळवता येत नाही. चटई, एक उशी किंवा गुंडाळलेली चादर, स्वेटर, कानटोपी. डिसेंबरात गच्चीवर रात्री दहानंतर दव पडतं, चटई खालून ओली होते, म्हणून खाली प्लास्टिक घाला. लहान मूल असेल तर त्याला मोजे घालाच.

बाकी सामान थोडंच. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून रबरबँड घाला, दोन घड्या घातल्या तर चांगलं. पांढरा उजेड डोळ्यात गेला की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि ती फक्त तुमची नाही, शेजारच्या पंधरा जणांची पण जातात. फोनचा ब्राइटनेस अगदी खाली आणा. घरात दुर्बीण असेल, कपाटात पडलेली बायनॅक्युलर, सात बाय पन्नास किंवा दहा बाय पन्नास (म्हणजे सातपट किंवा दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या भिंगांची), ती जरूर आणा, का ते पुढे सांगते. आणि सूर्यग्रहणाचा काळा चष्मा घरीच ठेवा. दर वेळी दोन-तीन जण तो घालून येतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र रोज बघतो तसाच बघायचा, डोळ्याला अजिबात धोका नाही.

पोचायचं कधी, तर स्पर्शाच्या निदान पाऊण तास आधी. एक तर रांग तेव्हा छोटी असते, पूर्ण उजळलेला चंद्र दुर्बिणीतून बघून घेता येतो, म्हणजे नंतर काय बदललं ते समजतं. दुसरं म्हणजे स्पर्शाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एक बारीकशी गोष्ट घडते. चंद्राची खालची कड किंचित मळकी दिसायला लागते, जसा पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला घामाचा डाग धुतल्यावरही राहावा तशी. ही विरळ छाया, म्हणजे पृथ्वीच्या गडद सावलीभोवतीची फिकी सावली. पंचांगवाले तिला धरत नाहीत, पण आधी कोणाला दिसते याची गच्चीवर पैज लागते, आणि बहुतेक वेळा शाळेतली पोरंच जिंकतात.

आता दुर्बिणीच्या रांगेबद्दल. नंबर आला की पहिली गोष्ट, आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, हात लावू नका आणि नळी धरू नका. माणसाची सवय असते, वाकलं की कशाला तरी धरायचं, आणि मग लावलेला चंद्र निसटतो आणि मागच्यांना थांबावं लागतं. हात पाठीमागे बांधा, हे मी सगळ्यांना सांगते, कलेक्टर असो की पोर. एक डोळा मिटता येत नसेल तर तळहाताने झाका. नुसता काळोख दिसला तर डोळा फार जवळ गेलाय, अगदी सावकाश मागे या, उजेडाचा गोल आपोआप सापडतो. साधा नंबरचा चष्मा असेल तर काढून बघा, फोकस करून देतील. चंद्र डोळ्यासमोरून सरकत जाताना दिसला तर घाबरू नका, पृथ्वी फिरतेय म्हणून तो सरकतोय, मदतनिसाला सांगा, तो परत मधे आणून देतो. आणि फार वेळ अडवू नका पण दोन सेकंदात पळूही नका, पंधरा-वीस सेकंद शांत बघा, विवरं दिसू द्या. आजीआजोबांना आणि लहानांना रांगेत पुढे सोडा, हे कोणी सांगायची वेळ येऊ नये.

दुर्बिणीतून बघायची मजा खंडग्रास भागात आहे, हे लक्षात ठेवा. सावलीची कड एकेका विवरावरून सरकते ते बघायला मिळतं. चंद्र सावलीत जाताना बहुतेक वेळा ग्रिमाल्डी नावाचं गडद काळपट विवर अगदी सुरुवातीला बुडतं, ते कडेलाच आहे. मग कोपर्निकस, टायको, प्लेटो या विवरांच्या जागा मदतनिसाला विचारून ठेवा आणि घड्याळात बघून प्रत्येक कधी बुडालं ते लिहा. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी नसते, धुरकट असते, कारण आपल्याभोवती हवा आहे, त्यामुळे दोन माणसांच्या नोंदीत एखाद्या मिनिटाचा फरक पडतोच. आणि त्यावरून जे वाद होतात ते गच्चीवरचे सगळ्यात छान वाद असतात.

पण एकदा संमीलन झालं, चंद्र लाल झाला, की मोठ्या दुर्बिणीची रांग सोडा. मी स्वतः दुर्बिणीपाशी उभी असूनही हे सांगते. खग्रास चंद्र फार मंद होतो, पूर्ण चंद्राच्या दहा हजार पट आणि कधी त्याहून मंद, आणि मोठ्या पॉवरला तो उजेड आणखी पसरतो, रंग फिका पडतो. त्या वेळी सगळ्यात सुंदर दिसतो तो साध्या बायनॅक्युलरमधून, आणि त्या खालोखाल नुसत्या डोळ्यांनी. बायनॅक्युलर आणायला सांगितली ती यासाठी. तिच्यात चंद्र चपटी थाळी वाटत नाही, चेंडूसारखा गोल, आकाशात टांगलेला वाटतो. हे फोटोत येत नाही, म्हणून लिहिते. कोपर भिंतीला किंवा गुडघ्याला टेकवा म्हणजे हात हलत नाही, चटईवर आडवं पडून बघितलंत तर उत्तमच.

आणि त्या वेळी चंद्राकडेच बघू नका, आजूबाजूला बघा. पौर्णिमेच्या रात्री चंद्राच्या उजेडात तारे धुऊन गेलेले असतात, खग्रास लागलं की ते एकेक करून परत येतात, अर्ध्या तासात पौर्णिमेची अमावस्या होते. २०२८ ला चंद्र मिथुन राशीत असेल, म्हणजे हिवाळ्यातलं सगळ्यात भरलेलं आकाश. एका बाजूला मृग नक्षत्र, त्याच्या खाली व्याध, दुसऱ्या बाजूला पुनर्वसूचे दोन जोडतारे, वर रोहिणी आणि कृत्तिका. आठ वाजता यातले मोजकेच दिसतील. सव्वादहाला परत मोजा. माझ्या मते ग्रहणातली ही गोष्ट चंद्राच्या रंगाइतकीच मोठी आहे आणि घरी गॅलरीतून बघणाऱ्यांना ती कळतही नाही.

लाल का होतो हे तुम्हाला पोरं विचारतीलच, तेव्हा एवढं माहीत असू द्या. पृथ्वी मधे आली की थेट ऊन चंद्रावर पोचत नाही, पण पृथ्वीच्या कडेच्या हवेतून थोडा प्रकाश वाकून आत जातो. त्या वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा उरतो, जसा आपल्याला सूर्यास्ताला दिसतो. म्हणजे त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतोय आणि मावळतोय त्या सगळ्या उजेडाने चंद्र रंगलेला असतो. चंद्रावर उभं राहिलात तर काळ्या पृथ्वीभोवती लाल कडं दिसेल. आणि दर पौर्णिमेला ग्रहण का नाही, तर चंद्राची कक्षा साधारण ५ अंशांनी कललेली आहे, बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं की चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. पोरांना हे आवर्जून सांगा, की हे आपल्याकडे दीड हजार वर्षांपासून माहीत आहे.

लाल म्हणजे कुठला लाल, हे ठरवणं पण तुमचं काम. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे डाँझाँ यांनी ० ते ४ अशी मोजपट्टी दिली आहे, ती मी आमच्याकडे अशी सांगते. ४ म्हणजे चिंच लावून नुकता घासलेला तांब्या, कडेला निळसर झाक. ३ म्हणजे विटकरी, कडेला पिवळट. २ म्हणजे गंजलेलं लोखंड, मध्यभाग फार काळपट. १ म्हणजे करडा-तपकिरी, विवरं जेमतेम दिसतात. आणि ० म्हणजे चंद्र कुठे आहे ते शोधावं लागतं. हे हवेतल्या धुळीवर, ढगांवर आणि ज्वालामुखीच्या राखेवर ठरतं. १९९१ साली फिलिपाइन्समधला पिनाटुबो फुटला, त्यानंतर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र फार काळवंडला होता. मध्याच्या वेळी नुसत्या डोळ्यांनी बघून आकडा लिहा आणि शेजाऱ्याचं न बघता लिहा, मग सगळ्यांचे ताडून बघा.

पोरांसाठी एक खेळ आहे, तो आता मोठी माणसंच जास्त खेळतात. घरून निघताना कागदावर कंपासने ५ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढा, तो चंद्र. असे पाच-सहा कागद. स्पर्शानंतर दर दहा मिनिटांनी एका कागदावर सावलीची कड जशी दिसते तशी काढा, घाई न करता, किती वाकलेली आहे ते नीट बघून. चंद्र अर्ध्याच्या आसपास झाकलेला असताना काढलेलं चित्र सगळ्यात उपयोगी. मग लाल टॉर्चखाली बसून त्या कडेच्या कमानीवर बसेल असं मोठं वर्तुळ कंपासने शोधा, चुकतमाकत. नीट जमलं तर त्याचा व्यास १३ सेंटीमीटरच्या आसपास येतो, म्हणजे पृथ्वीची सावली तिथे चंद्राच्या अडीचपटीहून थोडी मोठी. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, तर सावली ९ हजार किलोमीटरच्या आसपास. ग्रीक ॲरिस्टार्कसने इसवी सनाआधी तिसऱ्या शतकात असाच सावलीचा आणि चंद्राचा ताळा घातला होता. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीने हे केलं, तिचं १४ आलं, आणि ती तो कागद धरून मोक्षापर्यंत सगळ्यांना दाखवत होती की सावली गोल आहे म्हणजे पृथ्वी गोल आहे, मी मोजलंय. "मी वाचलंय" नाही, "मी मोजलंय".

फोटोबद्दल थोडक्यात. फोनने हातात धरून खग्रास चंद्र चांगला येत नाही, तो नाद सोडा. स्टँडला फोन लावा, चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करा, एक्स्पोजर खाली ओढा, तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना हलत नाही. दुर्बिणीच्या आयपीसला फोन लावून काढायचा असेल तर आधी विचारा, आणि तो उद्योग खंडग्रास भागात करा, तेव्हा चंद्र उजळ असतो. डीएसएलआर असेल तर उजळ चंद्राला आयएसओ १००, एफ ८ आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग इथून सुरुवात करा, खग्रासाला आयएसओ १६०० करून एक सेकंदाच्या आसपास. त्याहून जास्त वेळ ठेवलात तर टेलिलेन्सवर चंद्र लांबट येतो. फ्लॅश बंद आहे ना हे घरीच तपासा. एक फ्लॅश उडाला की अख्खी गच्ची ओरडते. आणि संमीलनाच्या क्षणी कॅमेऱ्यात डोकं घालून बसू नका, तेवढा एक मिनिट मान वर ठेवा. शेवटचा पांढरा तुकडा हिऱ्यासारखा राहतो, मग दाण्याएवढा, मग नुसती चमक, आणि मग कोणीतरी "गेला" म्हणतं आणि सगळे गप्प होतात.

आता खाण्यापिण्याचं आणि वेधाचं. पुष्कळ घरांतून ग्रहणात खात नाहीत, वेध पाळतात, गरोदर बाईला बाहेर सोडत नाहीत, चिरू-कापू देत नाहीत. मी सगळ्यांना शांतपणे हेच सांगते की चंद्रावर सावली पडल्याने अन्नाला काही होत नाही, पोटातल्या बाळालाही काही होत नाही, तो उजेड रोजच्याच चंद्राचा आहे, फक्त कमी. आमच्या गच्चीवर ग्रहण चालू असतानाच पोहे आणि चहा असतो, मुद्दाम. पण ज्याला खायचं नाही त्याच्यावर कोणी जबरदस्ती करायची नाही. माझी सासू वेध पाळायची, पाण्याचा घोट घ्यायची नाही, पण एका ग्रहणाला मी म्हटलं, आई, पाळा तुम्ही, पण बघायला तर चला. त्या आल्या, चटईवर बसून पूर्ण ग्रहण बघितलं, मोक्षानंतर घरी जाऊन आंघोळ केली आणि झोपताना म्हणाल्या, इतकी वर्षं आम्ही दार लावून बसलो होतो गं. तेव्हापासून मी कार्यक्रमाच्या निरोपात लिहिते, घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन या, उपास असला तरी चालेल. लहानपणी आमच्या पेठेत ग्रहण सुटताना "दे दान सुटे गिराण" अशी हाळी यायची, आणि आई तांदूळ काढून ठेवायची, ते आठवणारी माणसं गच्चीवर असली की पोरांना दोन्ही गोष्टी ऐकायला मिळतात. गरोदर बाई आली तर तिला पाठ टेकायला खुर्ची द्या, कारण तीन तास बसायचंय, एवढीच काळजी.

ढगांचं काय करायचं? थांबायचं. ७ सप्टेंबर २०२५ ला आमच्याकडे स्पर्श ९:५७ ला नीट दिसला, मग अकराच्या आधीच ढग आले ते हटेनात. संमीलन दिसलंच नाही. साडेअकराला निम्मी माणसं उतरून गेली, मी त्यांना दोष देत नाही, सोमवारची शाळा-ऑफिसं होती. पण पावणेबाराला फट पडली, जेमतेम दहा मिनिटांची, आणि तिच्यात चंद्र विटकरी, शेजारी शनीचा पिवळसर ठिपका, आणि खाली बसलेली वीसेक माणसं एकदम उठून उभी राहिली. जिन्यात पोचलेले दोघं आवाज ऐकून धावत परत आले. म्हणून ढग आले तर निदान उन्मीलनापर्यंत तरी थांबा, खग्रास तासाभराचं असतं आणि फट मिळायला पाच मिनिटं पुरतात. पाऊसच आला तर मात्र दुर्बिणी झाकायला हात लावा, मदतनीस कमी असतात.

थर्टी फर्स्टच्या खास दोन-तीन गोष्टी. त्या रात्री रस्ते भरलेले असतात, नाकाबंदी असते, त्यामुळे साडेसातला गच्चीवर असाल असं निघा आणि परतीची सोय आधी ठरवा. मुंबईत असाल तर शेवटच्या लोकलची वेळ बघून ठेवा, मोक्ष बारानंतर आहे. बारा वाजता फटाके सुटतील, धूर होईल, शेवटची सहा मिनिटं धुरातून बघावी लागतील, त्याला इलाज नाही, पण खग्रास त्याच्या तासभर आधी संपतंय हे नशीब. जवळच्या सोसायटीच्या गच्चीवर पार्टीचे लाइट असतील तर मंडळाच्या लोकांनी आदल्या आठवड्यातच जाऊन भेटावं, चांगल्या शब्दात सांगितलं आणि त्यांनाच बोलावलं तर लोक लाइट बंद करतात. दुबईला, मस्कतला कोणी असेल तर त्यांना कळवा, त्यांना हेच ग्रहण संध्याकाळी दिसेल, दुबईत मध्य ८:५२ ला येतो. अमेरिकेतल्या बहुतेक लोकांना हे मिळणार नाही, त्यांच्यासाठी २५ जून २०२९ च्या रात्रीचं आहे, त्यात खग्रास तब्बल १०२ मिनिटांचं.

मोक्ष झाला की लोक पटकन पांगतात. तुम्ही दहा मिनिटं थांबलात तर विरळ छायेचा तो मळकट डाग आता चंद्राच्या दुसऱ्या कडेला दिसेल, तो बघून घ्या. चटया गोळा करायला, खुर्च्या खाली न्यायला हात लावा. कागद फेकू नका, वरती तारीख, जागा, तुमचं नाव आणि डाँझाँचा आकडा लिहून वहीत ठेवा. आपल्याला दिसणारं त्यापुढचं खग्रास २१ डिसेंबर २०२९ ला पहाटे आहे, मध्य ४:१२ ला, आणि तेव्हा गच्चीवर कोणीतरी विचारणारच, मागच्या वेळी किती लाल होता हो?